आठ चॅनेलचा केबल टेस्टर : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

काय बनवायचं आहे ते आधी लिहून ठेवते. पुढे हौसेपोटी भलतंच काही जोडायला घेतलं तर ही नोंद मला आवरेल.

परळला काकांचा गाळा आहे. मराठी नाटकांना साऊंड देतात. दुपारचा प्रयोग शिवाजी मंदिरला, रात्रीचा मुलुंडला कालिदासला, असा शनिवार-रविवार गेला की सोमवारी गाळ्यात केबलींची वेटोळी पडलेली असतात आणि त्यातली एखादी 'बहुतेक गेलीय' असा निरोप असतो. हा 'बहुतेक'च महाग पडतो. पार तुटलेली तार कुणालाही सापडते. पण दुसऱ्या अंकात दोनदा खरखरली आणि नंतर गप्प झाली, अशी तार शोधायची कशी?

माल असा: तीस मीटरची मल्टिकोर (एकाच आवरणात अनेक तारा असलेली जाड केबल), आठ चॅनेल, प्रत्येक चॅनेलला एक, दोन, तीन अशा तीन पिना. पहिली शील्ड (बाहेरचा खरखराट अडवणारी जाळी), दुसरी हॉट, तिसरी कोल्ड (एकाच आवाजाच्या सुलट आणि उलट तारा). एकूण चोवीस तारा. एका टोकाला स्टेज बॉक्स (रंगमंचावर माईक जोडायची पेटी), दुसऱ्या टोकाला मिक्सरमध्ये जाणाऱ्या शेपट्या. आजवरची पद्धत म्हणजे मल्टिमीटर बझरवर ठेवायचा आणि पिनेला पिन लावत जायचं. चोवीस तारा शेवटपर्यंत पोचतात का, एवढं या पद्धतीनं कळतं. पण कुठली कुणाला चिकटली हे पाहायचं तर चोवीस तारांच्या जोड्या होतात दोनशे शहात्तर. एवढ्या जोड्या कोण तपासणार? "वाजली ना? चल पुढची घे," इथवरच सगळं असतं.

टेस्टरकडून अपेक्षा तीन: तुटलेली, चिकटलेली आणि अदलाबदल झालेली तार नावानिशी सांगणं. खरखरणारी तार सापडली तर सोन्याहून पिवळं.

१७ जून

मेंदू कुठला घ्यायचा. घरात आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड) पडून आहेत, त्यावर एटीमेगा३२८पी ही चिप. पिना जेमतेम वीस. मेगा२५६० हा मोठा बोर्ड घेतला तर सत्तर पिना आयत्या मिळतात आणि प्रश्नच मिटतो. तरी नको. एक म्हणजे साऊंडच्या केबलीतून काय येईल याचा भरवसा नाही. पिन जळली की अख्खा बोर्ड गेला. त्यापेक्षा पिना वाढवणारी चिप सॉकेटमध्ये बसवलेली बरी. जळली की उपटून दुसरी लावायची, गाळ्यातला पोरगाही ते करेल. दुसरं कारण इंटरप्टचं (काही बदललं की चिपनं स्वतःहून हाक मारण्याचं) आहे, त्याची नोंद पुढे येईल.

चिप एमसीपी२३०१७. आय-टू-सीच्या (चिपांनी आपसात बोलायच्या पद्धतीच्या) दोन तारांवर सोळा पिना मिळतात, आणि पत्त्याच्या तीन पिना असल्यानं एका बसवर अशा आठ चिपा लागतात. मला हव्यात चार: दोन 'अ' टोकाला, दोन 'ब' टोकाला. पत्ते हेक्स २० ते २३.

डेटाशीट नवी वाचावी. जुन्या आवृत्तीत सोळाच्या सोळा पिना इनपुट-आउटपुट दोन्ही म्हणून दिल्या आहेत. नंतरच्या आवृत्तीत मायक्रोचिपनं दोन्ही पोर्टांची सातवी पिन, म्हणजे जीपीए७ आणि जीपीबी७, फक्त आउटपुट म्हणून दाखवली आहे. ती पिन इनपुट असताना नेमकी तिची किंमत वाचली जात असताना बदलली, तर आय-टू-सीचा डेटा बिघडू शकतो. माझ्या टेस्टरमध्ये तर पिना सतत वरखाली होणार. म्हणजे एका चिपमागे वापरायच्या पिना चौदा, एका टोकाला अठ्ठावीस. मल्टिकोरला चोवीस पुरतात. काकांच्या रेकॉर्डिंगच्या रॅकला डीबी२५ची (पंचवीस पिनांच्या चपट्या कनेक्टरची) शेपटी आहे, तिच्या पंचवीस पिनाही बसतात. (टॅस्कॅम कंपनीच्या जोडणीत आठ चॅनेलांना चोवीस पिना लागतात आणि तेरावी मोकळी राहते, पण मोकळी पिनही तपासायची. तिथं काही चिकटलेलं नसावं हीसुद्धा अटच आहे.)

उरलेल्या आठ आउटपुट पिना वाया जाणार असं आत्ता वाटतंय.

२१ जून

लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी ग्रँट रोडला उतरून तसं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे फुटपाथवरच्या टेबलांवर प्लास्टिक आणि खाली मल्टिमीटर. घेतलं: एमसीपी डिप पॅकेजमध्ये (दोन जास्तीच्या), सॉकेट, मोठी झिरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, रिबन केबल, डीबी३७च्या जोड्या.

डीबी३७ अशासाठी की पेटीवर एक्सएलआरची (माईकच्या तीन पिनांच्या गोल कनेक्टरची) रांग नको. पेटीवर दोनच कनेक्टर, 'अ' आणि 'ब'. प्रत्येक प्रकारच्या केबलीला वेगळं शेपटीचं अडॅप्टर. मल्टिकोरसाठी 'अ'च्या अडॅप्टरला आठ नर एक्सएलआर, ते स्टेज बॉक्सच्या मादीत जातील. 'ब'ला आठ माद्या, त्यांत शेपट्यांचे नर. सर्वात आधी झिजणार ते अडॅप्टरच, आणि ते बदलायला स्वस्त.

२९ जून

ब्रेडबोर्डवर पहिला नकाशा निघाला. पद्धत साधी आहे: सगळ्या पिना इनपुट, पुलअपनं (पिनेला पुरवठ्याशी जोडणाऱ्या रेझिस्टरनं) वर, म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे, ओढलेल्या. मग 'अ'ची एकच पिन आउटपुट करून खाली खेचायची आणि दोन्ही टोकांच्या सगळ्या पिना वाचायच्या. जी जी खाली गेली ती ती हिला जोडलेली. मग पुढची पिन. एका वेळी एकच पिन आउटपुट असल्यानं दोन तारा चिकटलेल्या असल्या तरी दोन आउटपुट एकमेकांशी भांडत नाहीत.

बरोबर जोडणी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली नाही. चांगली केबल लावायची, 'शिक' बटण दाबायचं, तिचा नकाशा ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत) जातो. पुढच्या केबली त्याच्याशी ताडून पाहायच्या. हे आवश्यकच होतं, कारण काकांच्या एका स्टेज बॉक्समध्ये सगळ्या पहिल्या पिना आतून एकत्र बांधल्या आहेत आणि तो दोष नाही, ते तसंच आहे. पुस्तकी नकाशा धरला असता तर टेस्टरनं त्या बॉक्सला जन्मभर शॉर्ट म्हटलं असतं. एका नकाशाला साधारण दोनशे बाइट, ईप्रॉम १०२४ बाइटचं. पाच प्रकारच्या केबली मावतात.

मीटरभर रिबनवर सगळं चोख. उगाच एक तार कापून पाहिली, दोन उलट्या लावून पाहिल्या, सगळं सांगितलं.

७ जुलै

गाळ्यात तीस मीटरच्या मल्टिकोरवर लावला आणि टेस्टरनं शेजारशेजारच्या तारा धडाधड शॉर्ट दाखवल्या. पाचवी सहावीला, सहावी सातवीला, सातवी आठवीला. काकांनी मल्टिमीटर लावून दाखवला, कुठेही शॉर्ट नाही. "तुझं यंत्र घाबरलंय," म्हणाले.

एवढी शिस्तीत लागलेली रांग म्हणजे केबल निर्दोष. मल्टिकोरची तार आणि तिच्याभोवतीचं शील्ड यांत मीटरमागे ढोबळमानानं शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) असतो. तीस मीटरला तीन नॅनोफॅरड. एमसीपीचा आतला पुलअप शंभर किलोओहमचा. दोन्हींचा गुणाकार तीनशे मायक्रोसेकंद. आणि या चिपला 'वर' म्हणून ओळख पटायला पुरवठ्याच्या ऐंशी टक्के व्होल्टेज लागतं, म्हणजे वेळ त्या तीनशेच्या १.६ पट, जवळजवळ पाचशे मायक्रोसेकंद. पाचवी तार सोडून सहावी खाली खेचून वाचेपर्यंत पाचवी अजून वर चढतेच आहे. म्हणून ती सहावीला चिकटलेली दिसते. मीटरभर रिबनमध्ये कपॅसिटन्सच नव्हता, म्हणून तिथं सगळं गोड होतं.

दोन उपाय. प्रत्येक पावलाला थांबायचं, किंवा पुलअप दमदार करायचा. थांबणं फुकट आहे, पण मला पुढे वेग लागणार आहे. म्हणून बाहेरून ४.७ किलोओहम, प्रत्येक पिनेला एक, छप्पन रेझिस्टर. आता तीच चढण पंचवीस मायक्रोसेकंदांच्या आत होते. छप्पन रेझिस्टर सोल्डर करताना सिंगल-इन-लाइन पॅकची आठवण झाली, पण ते आणायला परत ग्रँट रोडला कोण जाणार.

केबलीच्या कपॅसिटन्सचा हा उपद्रव डोक्यात ठेवला आहे. ज्यानं त्रास दिला त्याच्याकडून काम करून घेता येईल असं वाटतंय.

१२ जुलै

संरक्षण. दोन धोके.

पहिला फँटम, म्हणजे मिक्सर माईकसाठी केबलीतून सोडतो ती वीज. केबलीचं एक टोक चुकून मिक्सरमध्येच राहिलं आणि फँटम चालू असला तर दोन आणि तीन नंबरवर ४८ व्होल्ट, प्रत्येकी ६.८ किलोओहममधून. एका पिनेत सहा-सात मिलिअँपिअर येतात, तेवढं चिपचा आतला डायोड सोसतो. पण आठ चॅनेलच्या सोळा पिना एकदम आल्या तर शंभर मिलिअँपिअर उलटे माझ्या पाच व्होल्टच्या रेलमध्ये (पुरवठ्याच्या मुख्य तारेत) घुसतात, आणि रेल वर ढकलली जाते. म्हणून प्रत्येक पिनेला २२० ओहम, रेलवर झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड), आणि प्रत्येक तपासणीआधी नॅनो स्वतःचा पुरवठा मोजतो. ते सोपं आहे: चिपच्या आत १.१ व्होल्टचा संदर्भ असतो, तो पुरवठ्याच्या तुलनेत मोजला की पुरवठाच कळतो. रेल नेहमीपेक्षा वर दिसली की तपासणी बंद आणि पडद्यावर 'केबल मिक्सरमधून काढा'.

दुसरा धोका स्पीकर लाईनचा. तिथं ॲम्प्लिफायर आला तर २२० ओहम काही वाचवणार नाही. त्यावर उपाय असा की स्पीकॉनचं (स्पीकरच्या कनेक्टरचं) अडॅप्टर मी बनवणारच नाही. काका दोनदा म्हणाले, "एक करून दे ना." नाही.

२० जुलै

बझर आणि माझा टेस्टर यांत अजून तसा फरक नाही, फक्त माझा चोवीस तारा एकदम करतो. हिशोब मांडला: तारेत मध्येच कुठे रेझिस्टन्स वाढला असेल, तर किती वाढेपर्यंत टेस्टर 'ठीक' म्हणेल? ४.७ किलोचा पुलअप, २२० ओहम, चिपची 'खाली'ची मर्यादा पुरवठ्याच्या वीस टक्के. उत्तर येतं साडेसहाशे ओहमच्या आसपास. ०.२२ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीस मीटरला २.३ ओहम भरते. म्हणजे अडीचशेपट बिघडलेली तारही माझ्याकडून पास होते.

तेव्हा ओहम मोजायचे. एडीएस१११५ हा व्होल्टेज मोजणारा कन्व्हर्टर घेतला, सोळा बिटांचा. त्याच्या सर्वात लहान पट्ट्यात एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. तारेतून पाच मिलिअँपिअर सोडले (दोन बीसी५५७ ट्रान्झिस्टरांचा साधा करंट सोर्स) तर एक पायरी म्हणजे दीड मिलिओहम. भरपूर झालं.

घोळ निवडीचा आहे. पंचवीस तारांतली एक निवडायला सीडी७४एचसी४०६७ हा मक्स, म्हणजे निवड करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, लागतो, आणि त्याचा स्वतःचाच रेझिस्टन्स सत्तर ओहमच्या घरात, तोही तापमानानं बदलणारा. सत्तरमध्ये अडीच कसे शोधणार? म्हणून करंट एका वाटेनं आणि व्होल्टेज दुसऱ्या वाटेनं. व्होल्टेजच्या वाटेत करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तिथले सत्तर ओहम काही खात नाहीत. करंट पुरवायला 'ब' टोकाला दोन मक्स, व्होल्टेज वाचायला दोन्ही टोकांना दोन-दोन. एकूण सहा. खाली खेचायला एमसीपीची पिन आहेच.

सहा मक्सांना चालू-बंद करायला सहा पिना हव्यात, आणि त्या फक्त आउटपुट असल्या तरी चालतात. वाया गेल्या म्हणून सोडलेल्या जीपीए७, जीपीबी७ इथं लागल्या. उरलेल्या दोनांवर लाल आणि हिरवा दिवा.

पुलअपचा करंटही तारेतूनच जातो, त्यामुळे पाच मिलिअँपिअर पाच राहत नाहीत. त्याचं गणित करत बसले नाही. १० ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर तारेच्या जागी लावला, जे आलं त्याला १० म्हटलं. अडॅप्टरच्या शेपट्यांचा रेझिस्टन्स आखूड एक्सएलआर लावून पिनेगणिक शून्य केला.

४ ऑगस्ट

आज गाळ्यात पहिल्यांदा खरी शिकार. 'बहुतेक गेलीय'च्या ढिगातली एक. नकाशा शंभर टक्के बरोबर. ओहममध्ये बाकी सगळ्या तारा २.४ ते २.७, आणि सहाव्या चॅनेलची तीन नंबर ९.१. काकांनी शेपटीचा एक्सएलआर उघडला. सोल्डर दिसायला गोल, चकचकीत, पण तार धरून ओढली तर गोळ्यातून अलगद निघून आली. कधी चिकटलीच नव्हती, नुसती टेकून होती. फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर मारलं, २.५.

मग ढिगातली दुसरी घेतली. हिच्याबद्दल काकांची खात्री आहे की खरखरते. नकाशा ठीक, ओहम ठीक, सगळ्या एकसारख्या.

घरी येऊन हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की ती ओहममध्ये दिसणारच नव्हती. तार म्हणजे बारीक केसांचा जुडगा. कनेक्टरच्या तोंडाशी सातातले पाच केस तुटले आणि दोन उरले, तरी अरुंद झालेला तुकडा पाच मिलिमीटरचाच. त्यानं रेझिस्टन्स वाढतो साधारण एक मिलिओहम. एक्सएलआर काढून परत लावला तरी त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. म्हणजे गंजलेली किंवा न धरलेली जोड ओहममध्ये दिसते, पण तुटत आलेली तार नाही दिसत. ती दिसते फक्त हलवताना, उरलेले दोन केसही क्षणभर सुटतात तेव्हा. तोच क्षण पकडायला हवा.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबायला तयार नाही. मध्य रेल्वे बंद. घरीच. 'हलवून बघ' मोड लिहून झाला.

नेहमीच्या तपासणीत एक फेरा पंचवीस पावलांचा, आय-टू-सी ४०० किलोहर्ट्झवर असूनही पंचवीस-तीस मिलिसेकंद खातो. तार दोन मिलिसेकंद सुटली तर बहुधा हुकेल. म्हणून फेराच नको. 'अ' टोकाच्या सगळ्या तारा एकदम खाली, 'ब'कडे सगळ्या पुलअपवर. सगळं ठीक असेल तर 'ब'ला सगळ्या खाली दिसतात. एखादी सुटली की ती वर उडते.

इथं एमसीपीची ती दुसरी करामत. पिन बदलली की चिप इंटरप्ट देते, आणि त्या क्षणी पोर्ट कसा होता त्याचा फोटो एका वेगळ्या रजिस्टरमध्ये धरून ठेवते, आपण वाचेपर्यंत. नॅनो पोचेस्तोवर तार परत जोडली गेली तरी कुठली सुटली होती ते नाव जागेवर असतं. दोन्ही चिपांचे इंटरप्ट ओपन ड्रेन (फक्त खाली खेचणारे) करून एकाच पिनेवर बांधले. मेगा२५६०वर हे जमलं नसतं, त्याच्या सगळ्या पिनांना बदलाचा इंटरप्ट नाही आणि फोटो तर नाहीच.

सुटका किती छोटी दिसेल? तार 'अ' टोकाला सुटली तर उरलेली तीस मीटर केबल पुलअपला वर ओढावी लागते, त्याला वीस-पंचवीस मायक्रोसेकंद. त्याहून छोटी दिसणार नाही. हातानं हलवताना होणाऱ्या सुटका त्याच्या किती तरी पट लांब असतात.

या मोडमध्ये शॉर्ट दिसत नाही, कारण सगळ्याच खाली. त्यामुळे आधी नकाशा, मग ओहम, मग हलवणं, हा क्रम पक्का.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, मंडळांचे स्पीकर दारापर्यंत. तरी काका म्हणाले, "आण गं तुझं यंत्र, बसायला स्टूल देतो."

ती खरखरणारी केबल. हलवायला काकाच बसले. शेपटीचा एकेक एक्सएलआर धरून, मान मोडल्यासारखा चारी बाजूंना वाकवत. एक, दोन, तीन गप्प. चौथ्याला बीप. सोडला, गप्प. परत वाकवला, बीप. पडद्यावर चौथा चॅनेल, पिन दोन. काकांनी उघडण्याआधी दोन-तीनदा नुसता वाजवून घेतला. स्ट्रेन रिलीफच्या (तारेवर ताण न येऊ देणाऱ्या पकडीच्या) आत, इन्सुलेशन अखंड आणि आतून तार दोन-तीन केसांवर.

मग एकेक करत बाकीच्या केबली निघाल्या. ज्यांवर कुणाचा संशय नव्हता त्यांतल्याही काही बोलल्या. जवळजवळ सगळ्या मिक्सरच्या बाजूच्या शेपट्यांत, स्टेज बॉक्सकडे क्वचित. याचं कारण काकांनी दिलं आणि ते मला पटलं: बॉक्स रंगमंचावर एका जागी पडून असतो. शेपट्या मात्र दर प्रयोगाला मिक्सरच्या मागे कोंबल्या जातात, आणि काढताना कनेक्टर न धरता तार धरून ओढल्या जातात. कोण ओढतो हेही त्यांनी सांगितलं, पण ते इथं नको.

एक सुधारणा त्यांनीच सुचवली. पडदा बारीक, चष्मा खिशात, दोन्ही हात केबलीवर. तेव्हा बीपमधूनच चॅनेल कळायला हवा. आता चौथा चॅनेल सुटला की चार छोट्या बीप आणि पिनेसाठी एक ते तीन लांब.

पडद्याबद्दल लिहायचं राहिलं. ओलेड १२८ गुणिले ६४. देवनागरी अक्षरं जुळवत बसण्याऐवजी 'ठीक', 'तुटली', 'शॉर्ट', 'उलटी', 'सुटते' हे शब्दच चित्र म्हणून साठवले. पडद्याला रॅममध्ये एक किलोबाइट लागतो आणि नॅनोकडे आहेत दोनच, तेव्हा चित्रं फ्लॅशमध्ये.

१५ सप्टेंबर

तुटली हे कळलं, पण कुठल्या टोकाला? दोन्ही टोकं उघडून बघणं म्हणजे निम्मं काम फुकट. आणि मध्येच तुटली असेल तर दोन्ही फुकट.

जुलैत ज्या कपॅसिटन्सनं छळलं त्याच्यापासूनच उत्तर मिळतं. तुटलेल्या तारेचा जेवढा तुकडा माझ्या बाजूला शिल्लक आहे तेवढाच कपॅसिटन्स मला दिसतो. नॅनोची आठ नंबरची पिन म्हणजे टायमर एकचं इनपुट कॅप्चर (पिन बदलल्याची वेळ टिपणारी सोय). ती 'अ'च्या व्होल्टेजवाल्या मक्सला जोडली. तार खाली खेचायची, सोडायची, पुलअपवर चढायला किती वेळ लागतो ते १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळानं मोजायचं. बाकी सगळ्या तारा तेवढा वेळ खाली धरायच्या. मीटरमागे साधारण पाच टिक (त्या घड्याळाचे ठोके) येतात. मक्सचे आणि अडॅप्टरचे टिक केबल न लावता मोजून वजा.

मीटरमागे नेमके किती पिकोफॅरड हे केबलीगणिक बदलतं, पण ते कळायची गरजच नाही. एकदा मोजायचं, केबल उलटी लावून परत मोजायचं. पहिला आकडा भागिले दोघांची बेरीज, म्हणजे तुटक्या जागेपर्यंतचं अंतर, अख्ख्या केबलीच्या हिश्शात. उलटी लावायला अडॅप्टरची नर-मादीची अदलाबदल करावी लागते, ते कटकटीचं आहे. पण एकाच बाजूनं मोजलं तरी बहुतेक वेळा भागतं. आकडा शून्याजवळ असेल तर तुटलं माझ्याच टोकाला, भरगच्च असेल तर पलीकडच्या.

एका टाकून दिलेल्या मल्टिकोरवर करून पाहिलं. अंतर आलं 'अ'पासून साडेअकरा मीटर. तिथं हात फिरवला तर आवरण चपटं झालेलं, बहुधा सेटचा एखादा चौथरा त्यावर उभा राहिला असावा. काकांनी ती केबल तिथं कापून दोन आखूड केबली करायला घेतल्या.

२१ सप्टेंबर

लायटिंगवाल्या दादांचा निरोप: डीएमएक्सच्या (दिव्यांना हुकूम नेणाऱ्या) केबली तपासता येतील का. पाच पिनांचं अडॅप्टर केलं. एक सूचना त्यांना लिहून दिली: शेवटचा टर्मिनेटर काढून मग तपासा. त्यात दोन आणि तीनच्या मध्ये १२० ओहम असतात आणि माझं यंत्र त्याला शॉर्ट म्हणतं. दुसरी सूचना तोंडी दिली. डीएमएक्सला खास इम्पिडन्सची केबल लागते, आणि कुणी त्या जागी माईकची केबल वापरली असेल तर ते या टेस्टरला कळणार नाही. तारा जोडलेल्या असतात, तो 'ठीक' म्हणतो.

तसंच फुटलेल्या जोडीचं. मल्टिकोरमध्ये दोन आणि तीन नंबरच्या तारा एकमेकींना पिळलेल्या असतात. दुरुस्ती करताना पहिल्या चॅनेलची तीन नंबर आणि दुसऱ्याची तीन नंबर दोन्ही टोकांना सारख्याच बदलल्या, तर नकाशा अचूक, ओहम अचूक, हलवून गप्प. आणि एका माईकचा आवाज दुसऱ्या चॅनेलमध्ये झिरपतो. पिळलेल्या जोडीत आपसातला कपॅसिटन्स जास्त असतो, तेव्हा टायमरनं तेही ओळखता यावं. बाकीच्या तारा खाली धरण्याऐवजी मोकळ्या सोडून एकेकच खाली धरायची आणि कुणामुळे चढण सर्वात मंदावते ते पाहायचं. टेबलावर अजून फरक दोन-तीन टिकांचाच दिसतोय. मल्टिकोरमधल्या प्रत्येक जोडीला स्वतःचं शील्ड असल्यानं तो वाढायला हवा. पुढच्या सोमवारी तीस मीटरवर.

ओल आलेल्या कनेक्टरची गळती या यंत्रात घेणार नाही, ४.७ किलोच्या पुलअपपुढे ती दिसत नाही. त्याला मेगर (जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारं यंत्र) आहे, आणि मेगर लावायचा तर आधी टेस्टर काढायचा. पेटीच्या झाकणावर हे लाल मार्करनं लिहिलंय.

पेटी म्हणजे विजेच्या स्विचबोर्डचा लोखंडी बॉक्स, आत पॉवर बँक. काकांनी प्रत्येक केबलीला नंबर दिलाय आणि सर्वात जास्त ओहमची तार कुठली ते चिकटपट्टीवर तारखेसकट लिहायला सुरुवात केलीय. मला फक्त चांगली-वाईट सांगायचं होतं, ही वही त्यांची. सात नंबरच्या केबलीवर दोन तारखा आहेत: २.६ आणि ३.४.